मोडलेला पाटा

या पानावर मोटारीच्या पोटातल्या गोष्टींविषयी लिहिण्याचा मला काडीइतकाही अधिकार नाही. वर्गात मी संतकाव्य शिकवतो. घरी एक जुनी स्कूटर आहे, आणि ती बंद पडली की तिला एका अंगावर कलंडवून पुन्हा उभी करण्यापलीकडे माझे यंत्रज्ञान जात नाही. पण गेल्या दिवाळीत ओमानच्या वाळवंटात एक पोलादी पट्टी आमच्या बुडाखाली मोडली आणि तिने आम्हां पाच माणसांना एक रात्र जागवले. ती हकीकत सांगितल्यावाचून चैन पडत नाही.

आमचे साडू वसंतराव सतरा वर्षे मस्कतला आहेत. बांधकामाची नोकरी, बरा पगार, आणि सुटी आली की आपली उघड्या हौद्याची, चार दारांची पिकअप घेऊन वाळूत शिरायचे हा छंद. ‘पुण्याच्या माणसाला जसा सिंहगड, तसे आम्हांला हे,’ असे ते म्हणतात. मस्कतपासून तीन तासांच्या आत बिदिया नावाचे गाव लागते आणि तिथून वहीबाचे वाळवंट सुरू होते. हल्ली त्याला शर्कियाचे वाळवंट म्हणतात. सुमारे 12,500 चौरस किलोमीटरचा हा वाळूचा पसारा. उत्तरेकडच्या भागात वाळूच्या रांगा सरळ उत्तर-दक्षिण पसरलेल्या. काही तर 100 मीटर उंचीच्या. दोन रांगांच्या मधून लांबच लांब दऱ्या जातात आणि गाड्यांची वाट त्या दऱ्यांतून असते.

पाडव्याचा दिवस वाळूत घालवायचा असे ठरले. नियमाप्रमाणे दोन गाड्या हव्यात; पण दुसरी गाडी ज्यांची, त्या गृहस्थांना आदल्या रात्री ताप भरला. ‘अहो मास्तर, सुटीत अर्धे मस्कत तिथेच असते!’ असे म्हणून वसंतरावांनी माझी शंका उडवून लावली. मग सामान चढू लागले. पाण्याचे वीस-वीस लिटरचे पाच डबे, तंबू, सतरंज्या, खुर्च्या, शेगडी, बॅटरी, लाकडे, फराळाचे चार डबे, आणि औक्षण जमिनीवर बसून कसे करायचे म्हणून मेव्हणीबाई कुमुदने घातलेला सागवानी पाट. गाडीची मागची बाजू चार बोटे खाली बसली. वसंतराव म्हणाले, ‘घाबरू नका, मागच्याच महिन्यात एक पाटा वाढवून घेतला आहे.’

इथे वाचकांना, विशेषतः भगिनींना, पाटा म्हणजे काय ते सांगायला हवे. मालमोटारीच्या किंवा एसटीच्या मागच्या चाकाशी वाकून पाहिले तर धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत दिसते. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोके गुंडाळून डोळे केलेले असतात आणि त्या डोळ्यांतून तो गाडीच्या सांगाड्याला टांगलेला असतो. त्याच्याखाली क्रमाने आखूड होत जाणारे बाकीचे पाटे. सगळे मिळून मधोमध यू-बोल्टने आसाला आवळलेले. खड्डा आला की चळत वाकते, पाटे एकमेकांवर घासतात आणि धक्का खाल्ला जातो. यातली खुबी अशी की खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकडा ठेवलेला असतो. आवळल्यावर सगळे एकमेकांना बिलगतात आणि ओझे सारखे वाटून घेतात. त्यात भलत्याच बाकाचा परका पाटा घुसडला तर ही वाटणी बिघडते. गाडी उंच दिसते, मालक खूश होतो, आणि कुणातरी एकाच्या माथी जास्त भार येतो. हे मला अर्थात नंतर कळले.

बिदियाला टायरमधली हवा पस्तीस पौंडांवरून अठरावर आणली. मऊ टायर वाळूवर पसरतो, म्हणून रुतत नाही; शिवाय बारीकसारीक धक्के तोच गिळतो. पुढे वाट सुरू झाली आणि माझी निराशा झाली. मला वाटले होते वाळू म्हणजे गादी! प्रत्यक्षात पर्यटकांच्या मुक्कामांकडे जाणाऱ्या त्या वाटेवर कपडे धुण्याच्या खाचेरी फळीसारख्या आडव्या लाटा उमटलेल्या. दात वाजू लागले. कुमुदच्या चकल्या वाजू लागल्या. मी मनातल्या मनात हिशेब मांडला: दोन लाटांत अंतर साधारण 70 सेंटिमीटर, गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटर. म्हणजे सेकंदाला सोळा धक्के, तासाला सत्तावन्न हजार! एसटीचा एखादा खड्डा आपल्याला आठवडाभर आठवतो. इथे प्रत्येक धक्का इतका बारीक की एकाचीही तक्रार करता येऊ नये.

या लाटा गाड्यांच्या स्प्रिंगांमुळे उठतात असा माझा समज होता, आणि वसंतरावांचाही तोच. पण 2007 साली ताबेर्ले, मॉरिस आणि मॅकेल्वेन या तिघा शास्त्रज्ञांनी वाळू पसरलेल्या फिरत्या चकतीवर एक चाक सोडून पाहिले. एका ठरावीक वेगाच्या खाली वाळू सपाट राहते. वर गेले की लाटा उठतात, मग चाकाला स्प्रिंग असो वा नसो. खऱ्या रस्त्यावर हा वेग इतका कमी पडतो की धावणारा माणूसही तो सहज ओलांडील. थोडक्यात, घाईने जाणारा प्रत्येक जण मागून येणाऱ्यासाठी लाटा पेरीत जातो. गाड्यांच्या स्प्रिंगा तेवढ्या त्याची शिक्षा भोगतात.

स्प्रिंगांच्या जोडीला शॉकॲब्सॉर्बर असतात. आपले मिस्त्री लोक त्यांना ‘शॉकअप’ म्हणतात. पाटा उसळला की उसळतच राहू नये म्हणून हा तेलाचा पंप त्याला आवरतो, आणि ती सगळी धडपड उष्णतेत बदलतो. तासभर लाटांवरून नेले की तेल तापून पातळ होते, त्यात हवा मिसळून फेस येतो, आणि पंपाची पकड सुटते. वाटेत थांबल्यावर वसंतरावांनी मला एक गंमत दाखवली. त्यांनी चारही शॉकअपजवळ हळूच हात नेला. तीन चटका देतील इतके तापलेले, मागचा डावा जवळजवळ गार. ‘हा काम करीत नाही,’ ते म्हणाले, ‘परत गेल्यावर बदलू.’ जो गार तो आजारी, हे ऐकून मला मौज वाटली. त्याच बाजूचा पाटा आवर घालणाऱ्या सोबत्यावाचून एकटा उसळत होता, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही.

मी पुस्तकी माणूस. जाण्यापूर्वी राल्फ बॅग्नोल्डविषयी थोडे वाचून गेलो होतो. हा ब्रिटिश लष्करी अधिकारी 1920 ते 30च्या दशकांत हौसेखातर साध्या फोर्ड मोटारी घेऊन इजिप्त आणि लिबियाची वाळू तुडवीत असे. (याची बहीण एनिड ही नावाजलेली कादंबरीकार, एका घरात दोघे लिहिणारे, त्यातला एक वाळूवर!) 1940 साली त्याने कैरोत वाळवंटी टेहळणीचे एक दल उभारले. त्यासाठी घेतलेल्या शेव्हरले मालमोटारींना चारही चाकांचा जोर नव्हता. त्यांनी अनावश्यक भाग उतरवून गाड्या हलक्या केल्या, रुंद टायर कमी हवेत चालवले, रुतल्यावर चाकाखाली घालायला पोलादी पन्हळी घेतल्या, उकळत्या रेडिएटरची वाफ वाया न घालवता डब्यात थंड करून पाणी परत मिळवले, आणि पाट्यांच्या चळती मुद्दाम भक्कम करून घेतल्या. 1942 साली या दलाबरोबर हिंदी सैन्याची एक तुकडीही काम करू लागली. पाटे वाढवण्याची युक्ती म्हणजे वसंतरावांनी काही शोधून काढली नव्हती. फरक एवढाच की त्यांच्या गॅरेजवाल्याने भंगारातल्या दुसऱ्याच गाडीचा पाटा आणून बसवला होता.

बिदियापासून सुमारे 45 किलोमीटरवर, दुपारी तीनच्या सुमारास, बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. गाडी डाव्या कुशीवर बसली. वसंतराव खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. मागचा डावा मेन पाटा पुढच्या डोळ्याजवळ साफ तुटला होता. खरे म्हणजे त्या क्षणी आस मागे सरकून चाक हौद्याला घासायचे. पण दुसऱ्या पाट्याचे टोक पहिल्याच्या डोळ्याभोवती वळवून ठेवलेले असते, ते अजून धरून होते. कारखान्यात कुणीतरी ही वेळ आधीच कल्पिलेली होती तर!

फोनला संकेत नव्हता. दरीत दुसरी गाडी नव्हती. अर्धे मस्कत त्या दिवशी बहुधा घरी फराळ करीत होते. आणि मग आम्हां साडूंचे सतरा वर्षांतले पहिले भांडण झाले. गाडी हलकी करायला हवी, यावर दोघांचेही एकमत. वसंतरावांचे म्हणणे, सर्वांत जड पाणी; शंभर किलो. ऐंशी लिटर ओतून टाकू, संध्याकाळपर्यंत तर गावात पोहोचतो. मी म्हणालो, एक थेंबही नाही. ‘मास्तर, गाडी कुणाला कळते, तुम्हांला की मला?’ मी म्हणालो, ‘गाडी तुम्हांला कळते. पण ती पोहोचेल असे तुम्ही सकाळीही म्हणाला होतात.’ हे बोलायला नको होते. ते डब्याचे झाकण उघडून उभे राहिले आणि मी, आयुष्यात कुणाच्या अंगाला हात न लावलेला माणूस, त्यांचे मनगट धरून उभा. सौ. आणि कुमुद दोघी बहिणी काही न बोलता तंबू उतरवू लागल्या. मग खुर्च्या, सतरंज्या, शेगडी, बॅटरी. वसंतरावांनी झाकण लावले.

जवळच एक जुना घाफ उभा होता. घाफ म्हणजे आपली शमीच, दसऱ्याची. पांडवांनी शमीवर शस्त्रे ठेवली, आम्ही तिच्या बुंध्याशी घडीच्या खुर्च्या ठेवल्या. लाकडांतला एक जाडसा ओंडका तेवढा राखून ठेवला. जॅक वाळूत रुतू लागला तेव्हा त्याच्याखाली पाडव्याचा पाट घातला. पाट्यासाठी पाट! एरवी मी यावर वर्गात पाच मिनिटे घालवली असती. गाडी उचलून आस आणि सांगाडा यांच्यामध्ये तो ओंडका दोराने करकचून बांधला. आस मागे जाऊ नये म्हणून साखळी पुढे ओढून आवळली. या सगळ्यात अंधार पडला.

चालण्याच्या वेगाने निघालो. दर किलोमीटरला वसंतराव उतरत, बॅटरीच्या उजेडात साखळी चाचपत, पुन्हा बसत. अकरा किलोमीटर गेल्यावर ओंडका निसटला, आणि पुढे अंधारात जाणे शहाणपणाचे नाही असे त्यांनीच ठरवले. त्या रात्री त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलाला उलट्या सुरू झाल्या; धक्क्यांनी म्हणा की लाडवांनी. कुमुद दर अर्ध्या तासाला मीठ-साखरेचे पाणी चमच्याने पाजीत होती. वसंतराव डब्यातून पेला भरून देत आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे न पाहता झाकण घट्ट लावीत. थंडी बरीच होती. सतरंज्या शमीखाली होत्या.

उजाडले तेव्हा दोन डबे रिकामे झाले होते आणि मुलगा झोपला होता. सातच्या सुमारास एक वृद्ध बदू उंटांचा चारा घेऊन पिकअपने आला. त्याने वाकून पाहिले, जीभ टाळ्याला लावून चक् केले, आमचा ओंडका काढून स्वतःजवळचा रबराचा ठोकळा बसवला, आणि मुलाला व बायकांना आपल्या गाडीत घेतले. पैसे देऊ केले तर त्याने ते घेतले नाहीत. चकल्या मात्र घेतल्या. दहा वाजता आम्ही बिदियात होतो.

तिथल्या गॅरेजमध्ये मोडका पाटा उतरवला तेव्हा मिस्त्रीने, तो केरळचा होता, मोडलेली बाजू आमच्यासमोर धरली. त्या जागी दोन रंग होते. जवळजवळ अर्धा भाग गंजलेला, काळपट-तपकिरी. उरलेला स्वच्छ चांदीसारखा चमकणारा. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. किती महिने ती केसाकेसाने आत सरकत होती, किती सुट्यांची ती कमाई होती, कोण जाणे. चमकता भाग तेवढा कालचा. मी मनात चार फराळाच्या डब्यांना दोष देऊन बसलो होतो, आणि वसंतराव बहुधा त्या शेवटच्या खाचेला. मिस्त्री म्हणाला, गाडी धुतल्यावर पाटे कोरडे होऊ द्यायचे आणि नीट पाहायचे; चीर असली की तिथून गंजाची बारीक रेघ ओघळलेली दिसते. वसंतराव गाडी दर आठवड्याला धुतात. वरून.

त्या मिस्त्रीने भंगारातला तो परका पाटा बाजूला फेकला आणि जुन्या चळतीच्या बाकाचा नवा पाटा बसवला. गार पडलेल्या शॉकअपची जोडीच बदलली. एक नवा, एक जुना चालत नाही म्हणे. आमचे सामान दोन दिवसांनी परत आणले. सगळे जागच्या जागी होते. फक्त पाट शेळीने एका कोपऱ्यात थोडा चघळला होता.

परत येताना वसंतरावांनी विमानतळावर एक जड पुडके माझ्या हातात ठेवले. ‘मास्तर, तुमच्याकडेच राहू द्या हे.’ आत पाट्याचे वीतभर तुटके टोक होते. तपासणीवाल्याने ते उलटसुलट करून विचारले, हे काय? ‘पेपरवेट,’ मी म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही, पण त्याने जाऊ दिले. सध्या त्याच्याखाली प्रथम वर्षाचे एकशेबारा पेपर आहेत, आणि ते दिवाळीपूर्वी तपासून द्यायचे आहेत.