माफीविना प्रायश्चित्त

खुनी माणसाला नायक करायचं, त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्तापाची छाया पाडायची आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणून त्याचे सगळे खून धुऊन टाकायचे, असा आरोप ‘एंजल’ या अमेरिकी मालिकेवर अधूनमधून होत असतो. आरोप करणारी माणसं उथळ नाहीत. मारेकऱ्याला देखणा चेहरा, काळा कोट आणि दर्दभरं पार्श्वसंगीत बहाल करणाऱ्या मालिकांची चीड यावी, इतक्या त्या आहेतच. पण ही चीड ‘एंजल’वर काढणं मला सपशेल चुकीचं वाटतं. १९९९ ते २००४ या काळात ११० भाग चाललेल्या या मालिकेने प्रायश्चित्ताचा जितका कठोर विचार केला, तितका टीव्हीवरच्या भुताखेतांच्या दुसऱ्या कुठल्या गोष्टीने केलेला मी पाहिलेला नाही.

आधी कथेचा सांगाडा. आयर्लंडमधल्या गॉलवेचा लियाम हा बापाशी भांडणारा, दारूबाज तरुण १७५३ साली डार्ला नावाच्या बाईच्या चाव्याने व्हॅम्पायर होतो. थडग्यातून उठल्यावर तो स्वतःचंच घर संपवतो: बाप, आई, धाकटी बहीण. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं ‘एंजेलस’ या नावाने तो युरोपभर थैमान घालतो. नुसतं मारून त्याचं समाधान होत नाही. ड्रुसिला या मुलीच्या घरच्यांना तो आधी मारतो, तिला वेड लागेपर्यंत छळतो आणि मगच तिला चावतो. १८९८ साली रुमानियात एका रोमा मुलीचा तो जीव घेतो, तेव्हा तिच्या जमातीचे लोक त्याला ठार करत नाहीत, शाप देतात. शाप असा, की त्याचा आत्मा त्याला परत मिळावा आणि केलेला प्रत्येक खून आठवत त्याने जगावं. निर्भेळ सुखाचा एक क्षण लाभला, की आत्मा पुन्हा जाईल. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ या मूळ मालिकेत तो क्षण येतो, आत्मा जातो, आणि जेनी कॅलेंडर ही शिक्षिका त्याच्या हातून मरते. त्याला पुन्हा आत्मा मिळतो, तो लॉस एंजेलिसला येतो आणि अडल्यानडल्यांच्या मदतीला धावायचं काम हाती घेतो. तिथून त्याची स्वतंत्र मालिका सुरू होते.

पूर्वपक्षाचा पहिला मुद्दा याच सांगाड्यावर उभा आहे. खून केले ते आत्मा नसलेल्या एंजेलसने, आणि रडतो तो आत्मा असलेला एंजल. म्हणजे लेखकांनी पळवाट आधीच काढून ठेवली आहे. गुन्हेगार वेगळा, पश्चात्ताप करणारा वेगळा, मग प्रायश्चित्त कसलं आणि कुणाचं? मुद्दा तर्काला धरून आहे. मालिकेने फक्त आत्मा नसतानाचीच पापं दाखवली असती, तर मी तो मान्य करून लेखणी खाली ठेवली असती.

पण दुसऱ्या पर्वाच्या दुसऱ्याच भागात लेखक टिम मिनीअर आपल्याला १९५२ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये, हायपेरियन हॉटेलात नेतो. एंजलला आत्मा मिळून तोवर अर्धशतक उलटलेलं आहे. तो एका खोलीत एकटा राहतो, कुणाच्या अध्यात नाही आणि मध्यात नाही. त्याच हॉटेलात जुडी नावाची मुलगी लपून राहिली आहे. ती मिश्र वंशाची, गोरी म्हणून वावरणारी. हे बँकेला कळलं, तिची नोकरी गेली, आणि रागाच्या भरात बँकेचे पैसे घेऊन ती पळाली. हॉटेलात माणसांच्या संशयावर पोसणारा एक राक्षस दडलेला आहे. त्याच्या कुजबुजीने पाहुणे पिसाळतात आणि जुडीला घेरतात. जीव वाचवायला ती एंजलकडे बोट दाखवते. जमाव त्याला हॉटेलातच फासावर लटकवतो. व्हॅम्पायर असल्यामुळे तो मरत नाही. सगळे पांगल्यावर राक्षस त्याच्यासमोर येतो. जुडीच्या मदतीने या राक्षसाला संपवायची तयारी एंजलने थोड्या वेळापूर्वीच चालवलेली असते. पण आता तो एवढंच सांगतो, की सगळ्यांना घेऊन टाक. आणि निघून जातो.

हे एंजेलसने केलेलं नाही. आत्मा जाग्यावर होता, समज होती, ताकदही होती. दुखावलेल्या माणसाने इतरांना त्यांच्या मरणावर सोडून दिलं, इतकी ती साधी आणि ओळखीची गोष्ट आहे. २००० साली तो सहकाऱ्यांना घेऊन परत येतो, राक्षसाला संपवतो आणि वरच्या खोलीत जातो, तर तिथे जुडी. म्हातारी झालेली. इतकी वर्षं ती त्या खोलीबाहेर पडलेलीच नाही. तिच्या अपराधीपणावर राक्षस जगत होता. ती एंजलला ओळखते आणि त्याची माफी मागते. तो माफ करतो. आता बाहेर जाणं सुरक्षित आहे का, असं ती विचारते. जरा पडते आणि मग जाते, म्हणते. आणि पडल्या पडल्याच मरते. इथे माफी मागतेय ती, आणि तिला तिथे टाकून गेलेला मात्र तो आहे. आपल्याला कुणी सोडून दिलं हे तिला ठाऊकच नाही. त्याला ठाऊक आहे. ज्याची माफी हवी तो माणूस समोर असूनही मागता येत नाही, असा हा प्रसंग आहे, आणि पळवाट शोधणारा लेखक असलं काही लिहीत नाही.

तेवढ्यावरही मालिका थांबत नाही. त्याच पर्वात डार्ला आणि ड्रुसिला ‘वोल्फ्रॅम अँड हार्ट’ या वकिली पेढीच्या माणसांवर तुटून पडायला दारूच्या तळघरात शिरतात. एंजल तिथे पोचतो, वकील त्याच्याकडे दयेची भीक मागतात, आणि तो बाहेरून दार बंद करून घेतो. आत माणसं होती, दुष्ट असली तरी माणसंच. पुढे भानावर आल्यावर तो ज्या सहकाऱ्यांना त्याने कामावरून काढलं होतं त्यांच्याकडे जातो. पुन्हा माझ्याकडे या, असं म्हणायला तो गेलेला नसतो. मला तुमच्या हाताखाली घ्या, असं तो म्हणतो.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. मारेकऱ्याच्या दुःखात गुंतलेल्या कथेत मेलेल्यांना कोण विचारतं? आपल्याकडे ‘वाल्याचा वाल्मीकी’ ही गोष्ट पोराबाळांना सांगितली जाते. प्रत्येक खुनाला एक खडा टाकून भरलेले ते रांजण, पापात वाटा घ्यायला घरच्यांनी दिलेला नकार, मग नामजप आणि अंगावर चढलेलं वारूळ. पण ज्यांच्या नावाचे खडे रांजणात पडले, त्यांच्या बायकापोरांचं पुढे काय झालं, हे त्या गोष्टीत कुणी विचारत नाही.

‘एंजल’मध्ये तो प्रश्न हाडामांसाचा होऊन दारात उभा राहतो. त्याचं नाव डॅनियल होल्ट्झ. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमधला हा व्हॅम्पायरांचा शिकारी. तो घरी नसताना एंजेलस आणि डार्ला त्याच्या बायकोला आणि तान्ह्या बाळाला मारतात आणि मुलगी सारा हिला चावून व्हॅम्पायर करून ठेवतात. होल्ट्झला स्वतःच्या हाताने मुलीला उन्हात लोटावं लागतं. हा माणूस एका राक्षसाशी सौदा करून २००१ सालात पोचतो. एंजलला आता आत्मा आहे हे त्याला कळतं, आणि त्याच्या संकल्पात तसूभर फरक पडत नाही. का पडावा? साराला उन्हात लोटताना त्याला काय झालं असेल, याचा हिशेब एंजलच्या आत्म्याने कसा मिटणार? होल्ट्झने आता शांत व्हावं, क्षमा करावी, असा उपदेश मालिका त्याला करत नाही. तो जे सूडाचं हत्यार निवडतो ते मात्र ती झाकत नाही: एंजलचं तान्हं मूल कॉनर. ते पळवून, दुसऱ्याच नरकासारख्या जगात नेऊन, बापाच्या द्वेषावर तो त्याला वाढवतो. शेवटी आपल्या साथीदार बाईकडून स्वतःची हत्या करवून घेऊन त्या हत्येचा संशय एंजलवर ढकलतो. एंजलने एका बापाचं मूल नासवलं, त्या बापाने एंजलचं नासवलं. पुढची दोन पर्वं या घावातून मालिका सावरत नाही, आणि सावरू नये हेच योग्य.

जिथे ही दृष्टी सुटली, तिथे मी आरोप करणाऱ्यांच्या बाजूने आहे. ‘बफी’च्या सातव्या पर्वात रॉबिन वुड हा शाळेचा मुख्याध्यापक आहे. त्याच्या आईला, निक्कीला, स्पाइक या व्हॅम्पायरने १९७७ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मारलं. स्पाइकने स्वतः धडपडून आत्मा मिळवलेला आहे, ही जमेची बाजू. पण वुड सूड घ्यायला जातो तेव्हा स्पाइक त्याला हरवतो आणि वर ऐकवतो, की तुझ्या आईचं तुझ्यावर पुरेसं प्रेमच नव्हतं. आणि कथा स्पाइकच्या बाजूने झुकते. आई गमावलेल्या माणसाला मारेकऱ्याने त्याच्या आईबद्दल शहाणपण शिकवावं, हे मला पटलं नाही आणि पटणार नाही. पण हा त्या पर्वाचा दोष झाला. जी मालिका होल्ट्झला घडवते तिच्यावर मेलेल्यांना विसरल्याचा ठपका ठेवता येत नाही.

आता ज्यांच्याशी माझं खरं भांडण आहे ते लोक. ते मालिकेचे चाहते आहेत, आणि बचाव करताना ते तिचं सगळ्यात जास्त नुकसान करतात. त्यांचं म्हणणं असं, की एंजलने जितक्यांना मारलं त्याहून अधिक लोकांना वाचवलं, म्हणजे फिटंफाट झाली. पहिल्या पर्वाच्या शेवटी एक भविष्यवाणी येते: आत्मा असलेला व्हॅम्पायर आपलं कर्तव्य पार पाडून एक दिवस माणूस होईल. तिचा अर्थ चाहत्यांनी बक्षीस असा लावला. चांगली कामं करत राहा, रांजणातला एकेक खडा बाहेर काढत राहा, रिकामा झाला की सुटका.

मालिकेने हा हिशेब स्वतःच मोडून टाकला आहे. दुसऱ्या पर्वात, तळघराच्या प्रकारानंतर, एंजल माजी पोलीस अधिकारी केट लॉकलीला जे सांगतो त्याचा आशय असा: आपण काय केलं याने विश्वाच्या हिशेबात काहीच फरक पडत नसेल, तर मग आपण जे करतो तेवढंच काय ते उरतं. आणि २००४ सालच्या शेवटच्या भागात तो माणूस होण्याचा आपला हक्क रक्ताने सही करून सोडून देतो. शत्रूचा विश्वास मिळवायची ती अट असते. त्यानंतर तो लढायला जातो, आणि लढाईचा निकाल न दाखवता मालिका संपते. बक्षिसाच्या आशेने चांगलं वागणाऱ्या माणसाची ही गोष्ट असती, तर बक्षीस टाकून दिल्यावर तिला पुढे जायला कारणच उरलं नसतं. ज्यांना होल्ट्झची मुलगी आठवते, त्यांना हेही कळायला हवं, की वाचवलेल्या दहा अनोळखी माणसांच्या बदल्यात ती परत येत नाही. खडा रांजणातच राहतो.

मग प्रायश्चित्त म्हणजे काय उरलं? याचं उत्तर मला एंजलपेक्षाही फेथच्या गोष्टीत सापडतं, आणि मी या मालिकेची बाजू घेतो ती मुख्यतः तिच्यासाठी. फेथ ही स्लेअर, म्हणजे व्हॅम्पायरांचा संहार करायला निवडली गेलेली मुलगी. ती पूर्ण माणूस आहे. आत्मा गेला-आला ही सबब तिला लागू नाही. तिच्या हातून आधी चुकून एक माणूस मरतो, मग ती ठरवून मारू लागते. २००० साली ती लॉस एंजेलिसला येते, एंजलला मारायची सुपारी घेते, आणि त्याला डिवचण्यासाठी वेस्लीला, आपल्या एकेकाळच्या मार्गदर्शकाला, खुर्चीला बांधून काचेच्या तुकड्याने छळते. एंजल येतो. दोघं मारामारी करत खाली गल्लीत, भर पावसात कोसळतात. तो उलट मारत नाही हे लक्षात आल्यावर ती ओरडू लागते, की मी वाईट आहे, मला मारून टाक. तो तिला धरून ठेवतो. तेवढ्यात कसाबसा सुटलेला वेस्ली हातात सुरी घेऊन तिथे पोचतो, हे पाहतो, आणि सुरी त्याच्या हातून गळून पडते. याच भागात मधूनमधून १८९८ सालचा, शापानंतरचा भांबावलेला एंजल दाखवला आहे, म्हणजे तिला धरणारे हात कुणाचे आहेत हे आपण विसरू नये.

पुढच्या भागात मूळ मालिकेची नायिका बफी येते, फेथवर संतापलेली. फेथ माफी मागू पाहते तेव्हा बफी तिला तंबी देते, की माफी मागितलीस तर मार खाशील. बफीची ती बाजू मला पूर्ण न्याय्य वाटते. ज्याचं नुकसान झालं त्याने माफ करावंच, अशी सक्ती करणारा पश्चात्ताप हा आणखी एक अत्याचार असतो. फेथला हे उमगतं. ती स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन कबुली देते. तिथून तुरुंग. तिच्या अंगात दहा माणसांची ताकद आहे, त्या भिंती तिला अडवू शकत नाहीत. तरी जवळजवळ तीन वर्षं ती तिथेच राहते. एंजल भेटायला येतो तेव्हा काचेपलीकडे बसून बोलते. कुणी तिला पाप फिटल्याचा दाखला देत नाही, आणि ती मागत नाही. केलेलं नाकारायचं नाही, शिक्षेतून निसटता येत असतानाही निसटायचं नाही, आणि कुणाकडून माफीची वसुली करायची नाही. मी याला प्रायश्चित्त म्हणतो, आणि रडण्यापेक्षा, आत्मा मिळण्यापेक्षा, राक्षस मारण्यापेक्षा मला हे अवघड वाटतं.

यावर आक्षेप येईल, की शेवटी ती पळालीच ना? हो. २००३ साली एंजल पुन्हा एंजेलस होतो, तेव्हा ती तुरुंग फोडून बाहेर पडते आणि पुढे परत आत जात नाही. त्या उरलेल्या शिक्षेबद्दल मालिका गप्प बसते. ही उणीव आहे आणि मी ती झाकणार नाही. पण तिला बाहेर बोलवायला कोण गेलं होतं तेही पाहा. वेस्ली गेला होता, काचेचे वार ज्याच्या अंगावर झाले तो. एंजेलसला जिवंत पकडू शकेल अशी ती एकटीच आहे, म्हणून तो गेला. त्याने तिला माफ केलेलं नाही. पुढच्याच एका भागात तिने केलेल्या छळाची आठवण तो तिच्या तोंडावर फेकतो, तीही भडकते, आणि तरी एंजेलस हाती लागेपर्यंत दोघं एकमेकांच्या सोबतीने काम करत राहतात.