गोदोची वाट न पाहता

‘हौशी’ हा शब्द मराठीत पुष्कळदा किंचित उपहासाने वापरला जातो. हौशी कवी, हौशी गायक, हौशी नट असे म्हणताना बोलणाऱ्याच्या ओठांवर हसू उमटते. गोव्यात मात्र हे हसू शोभत नाही. येथील देवळांच्या उत्सवांत आणि जत्रांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी नाटके उभी राहिली, ती हौशी मंडळींच्याच बळावर. दिवसा कुळागरात राबणारा मनुष्य रात्री मांडवात राजा होई आणि दुकानदार त्याचा प्रधान. १९६१ पर्यंत राज्यकर्त्यांची भाषा पोर्तुगीज होती, तरीही मराठी आमच्या गावांत तग धरून राहिली. त्यात या हौसेचा वाटा मोठा आहे.

आज ज्या हौसेविषयी लिहावयाचे आहे ती नवी आहे. संगणकावर आणि मोबाईलवर खेळावयाचे खेळ स्वतः रचण्याची ही हौस. आमच्या वाळपईसारख्या लहान गावातही मुलांच्या माना मोबाईलवर झुकलेल्या दिसतात आणि वडीलधारी मंडळी त्याविषयी तक्रार करतात. ती तक्रार रास्तच आहे. परंतु आम्हांला सलते ते आणखी निराळे. या खेळांत मराठीचा एक शब्दही नसतो. लगोरी, विटीदांडू, आट्यापाट्या यांनी मुलांना डाव, भिडू, गडी, राज्य, बाद असे किती शब्द दिले! आता ‘लेव्हल’ आणि ‘गेम ओव्हर’ एवढ्यावर भागते. गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल पाचवीपासून बहुधा इंग्रजी माध्यमात जाते. खेळही इंग्रजीत गेला, तर त्या मुलाच्या मराठीला उरते ती केवळ एका विषयाची तासिका. महाराष्ट्राबाहेर घर केलेल्या आपल्या वाचकांना ही व्यथा वेगळी समजावून सांगावयास नको.

यावर उपाय म्हणून कोणी मोठी कंपनी आमच्यासाठी मराठी खेळ काढील, या आशेवर बसणे व्यर्थ आहे. तशी वाट पाहण्याचे कारणही आता राहिलेले नाही. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सुर या दोघांनी खेळ रचण्याचे एक साधन, ज्याला गेम इंजिन म्हणतात, आपल्या कामासाठी तयार केले आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये ते सर्वांसाठी मोफत खुले केले. त्याचे नाव ‘गोदो’. सॅम्युएल बेकेटच्या १९५३ साली पॅरिसमध्ये रंगभूमीवर आलेल्या प्रसिद्ध नाटकात दोन फिरस्ते ज्याची वाट पाहतात आणि जो अखेरपर्यंत येत नाही, तोच हा गोदो. साधनात नित्य नवी भर पडत राहील, पण ‘आता पूर्ण झाले’ असे कधीच म्हणता येणार नाही, असा त्या नावाचा आशय आहे.

नाटक पाहणाऱ्याला या इंजिनाची रचना चटकन उमगते. पडद्यावरील प्रत्येक वस्तूला येथे ‘नोड’ म्हणतात. चित्र हा एक नोड, ध्वनी हा दुसरा. असे नोड जोडून एक ‘सीन’ होतो आणि एक सीन दुसऱ्या सीनमध्ये बसविता येतो. कोणत्या पात्राने केव्हा काय करावे, हे पायथॉनशी साम्य असलेल्या एका सोप्या संगणकभाषेत लिहावयाचे. आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थ्याने सुटीत काजूच्या बोंडांचा खेळ केला. झाडावरून बोंडे पडतात, ती टोपलीत झेलावयाची. मध्येच एखादा साप पडतो, तो चुकवावयाचा. बोंड टोपलीला लागले की टोपली एक संकेत देते आणि तो संकेत मिळताच गुण वाढतो. सत्तरीतल्या कोणत्याही मुलाला हा मोसम ठाऊक असतो, म्हणूनच त्याला खेळाची कल्पना शोधत हिंडावे लागले नाही.

या मुलाने एके दिवशी विज्ञानाच्या शिक्षकांना विचारले, “सर, इंजिनात गुरुत्वाकर्षणाचा आकडा ९८० कसा? पुस्तकात तर ९.८ आहे.” पुस्तकातले मोजमाप मीटरचे, पडद्यावरचे बारीक ठिपक्यांचे, मीटरचे सेंटिमीटर केले की ९.८ चे ९८० होतात, हे त्याला समजले. मग तो आकडा कमी करून बोंडे सावकाश कशी उतरतात, हेही त्याने पाहिले. फळ्यावर जे तीनदा सांगून पटत नाही, ते त्याने स्वतः करून पाहिले.

देवनागरीची कथा याहूनही बोधप्रद आहे. या इंजिनाच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत आपली लिपी नीट उमटत नसे. अक्षरे एकामागून एक सुटी मांडली जात. त्यामुळे ‘किल्ला’ या शब्दातील वेलांटी ‘क’च्या डावीकडे न बसता उजवीकडे जाई आणि ‘ल्ल’ हे जोडाक्षर फुटून पाय मोडलेला ‘ल’ दिसे. अशा मराठीत खेळ करणे म्हणजे मुलांना अशुद्धलेखन शिकविणेच होते. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत लिपीची जोडणी जाणणारी यंत्रणा बसविली गेली आणि हा दोष दूर झाला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’ हा सुबक टंकही मोफत मिळतो. आपली अक्षरे नीट उमटावीत म्हणून ज्यांनी श्रम घेतले, त्यांतील कितीकांना मराठीचा गंधही नसेल. साधन खुले असले म्हणजे दूरच्या मनुष्याची मेहनत अशी आपल्या दारी येते.

खुलेपणाचा दुसरा लाभ निर्धास्तपणाचा. ‘युनिटी’ या खाजगी इंजिनाच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये, ठरावीक मर्यादेपुढे, खेळ जितक्या यंत्रांवर बसविला जाईल त्यावर शुल्क लावण्याचे जाहीर केले. खेळ रचणाऱ्यांत खळबळ उडाली आणि वर्षभराने कंपनीला तो बेत सोडावा लागला. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला ही धास्ती नेहमीचीच. गोव्यातील गावकरी संस्था, जिला पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव मिळाले, गावची जमीन सामाईक राखीत असे. गोदोची मालकीही सामाईक आहे. फरक इतकाच, की येथे गावकार होण्यासाठी जन्म विशिष्ट घराण्यात व्हावा लागत नाही.

पालक विचारतात, “यावर पोट भरेल काय?” प्रामाणिक उत्तर असे, की बहुतेकांचे भरणार नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली जगभर पोहोचला, पण तो व्यावसायिकांचा कित्येक वर्षांचा उद्योग होता. मुलांनी त्याची बरोबरी करावयास जाऊ नये. आरंभी शंभर किल्ल्यांचा खेळ योजणारा मुलगा बहुधा एकही किल्ला पुरा करीत नाही. एकच पडदा, एकच डाव. पण तो संपवावयाचा, ही शिस्त त्याला लागली तरी पुष्कळ झाले. रचण्याच्या नादात अभ्यासाचे आणि झोपेचे तास जाणार नाहीत, हे मात्र घरच्यांनीच पाहिले पाहिजे. गोवा शासनाने २०२१ साली शाळांतून कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्याची ‘केअर्स’ योजना सुरू केली. मुलांचा हात त्यामुळे वळू लागतो. त्या हातातून मराठी खेळ निघावा, ही काळजी कोणत्याही योजनेत लिहिलेली नसते. ती घराची आहे.

म्हणून वाचकांना आमचे एक सुचविणे आहे. घरात संगणक असेल तर हे इंजिन उतरवून घ्यावे. एकदा घेतले की पावसाळ्यात इंटरनेट गेले तरी काम अडत नाही. नातवाने चित्रे काढावीत, खेळ जुळवावा. आजोबा-आजींनी शब्द द्यावेत. ‘गेम ओव्हर’ला काय म्हणावे, यावर जेवणाच्या पानावर वाद होऊ द्यावा. ‘डाव संपला’ म्हणावे की ‘बाद’? इंदूर, बडोदे, बेळगाव, प्रत्येक घरी उत्तर निराळे येईल. येऊ दे. आमच्या विद्यार्थ्याने पडद्यावर लिहिले आहे, “टोपली रिकामी. परत ये.”