आधी जुळवा, मग घ्या

हल्ली आपल्या डहाणू-तलासरीकडची मुलंही गेमिंगचा पीसी सुटे भाग आणून स्वतः जोडायला निघतात. मला त्याचं कौतुकच वाटतं. पण बहुतेकांची यादी ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते आणि पैसे तिथेच संपतात. माझं मत विचाराल तर यादी प्रोसेसर आणि मदरबोर्डाच्या जोडीपासून सुरू व्हावी.

एएमडीचं २०२२ साली आलेलं एएम५ सॉकेट फक्त डीडीआर५ रॅम घेतं, त्याआधीच्या एएम४ला डीडीआर४च लागते. इंटेलच्या एलजीए१७००चे बोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, म्हणून खोक्यावरचं नाव नीट वाचावं. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून काही ती बसत नाही. कार्डाची लांबी कॅबिनेटात मावते का, तेही आधीच मोजावं. आणि पॉवर सप्लायमध्ये काटकसर नको! प्रोसेसर आणि कार्डाच्या वॅटची बेरीज करून वर भरपूर सवड ठेवावी.

मुंबईच्या मुलाला चुकलेला भाग बदलायला लॅमिंग्टन रोड जवळ आहे. आपल्या मुलाचा डहाणू रोडहून ग्रँट रोडला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. तलासरीत तर रेल्वे स्टेशनच नाही. घरपोच मागवलं तरी परतीची दगदग आहेच.

चिकूच्या हंगामात बापाने साठवलेले पैसे असतात हो ते. सोयरीक जुळवताना चार गोष्टी विचारतो ना आपण? मग इथेही एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसायला काय हरकत आहे?