‘नेट गेलं!’ म्हणून हाक कुणाला?

घरातल्या वस्तूंची दुखणी पहिल्यांदा कळतात ती बाईला. शेगडीची ज्योत पिवळी झाली, मिक्सरचा आवाज बदलला, नळाला पाणी बारीक येऊ लागलं, की आधी आपल्याच लक्षात येतं. मग टीव्हीच्या स्टिकवर चित्र मध्येच अडकलं आणि ते गोल चक्र फिरायला लागलं, की आपण ‘अरे, नेट गेलं बघ!’ अशी मुलाला नाहीतर नवऱ्याला हाक का मारतो? आणि ते घरात नसले, तर संध्याकाळपर्यंत वाट का बघत बसतो?

माझं स्पष्ट मत आहे, की हे काम आपलंच आहे. नेट पूर्ण बंद पडलं तर कुणालाही कळतं. पण मधूनच जाणारं आणि पाच मिनिटांनी आपलं आपण परत येणारं नेट भारी चावट! दुरुस्तीवाला येतो तेव्हा नेमकं सुरळीत चालू असतं. ‘सगळं ठीक आहे मॅडम, साहेब कधी भेटतील?’ असं विचारून तो निघून जातो. आता साहेब दिवसभर बाहेर. त्यांना काय ठाऊक? असा लपंडाव खेळणारा बिघाड सापडतो तो नजर ठेवल्यावर, आणि नजर ठेवणं आपल्याला कुणी शिकवायला नको.

तेव्हा मैत्रिणींनो, दुधाचा खाडा मांडतो त्याच कॅलेंडरवर आठवडाभर नेट गेल्याची वेळ लिहा. प्रत्येक वेळी मोबाइलचा डेटा बंद करून फक्त वायफायवर काही उघडतंय का, तेही बघा. मोबाइलवरही येत नसेल, तर दोष राउटरचा किंवा बाहेरून येणाऱ्या लाइनचा. फायबरची जोडणी असेल आणि ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल झाला असेल, तर केबलमधून सिग्नलच येत नाहीये, हे पक्कं समजा. मोबाइलवर व्यवस्थित चालतंय आणि टीव्हीवर नाही, तर स्टिककडे वळा.

नोंदी वाचल्या की बरंच उलगडतं. जेवण गरम करायच्या वेळीच चित्र अडकतंय? वायफायचा एक पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, आणि मायक्रोवेव्हही साधारण त्याच लहरींवर चालतो. स्टिकला ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर घेतलं, तर हा त्रास टळतो. मात्र त्याचा पल्ला कमी आणि भिंती त्याला जास्त नडतात, म्हणून राउटर लांबच्या खोलीत असेल तर २.४च बरा. रोज रात्री नऊ-दहालाच रखडतंय? मग लाइनवरची गर्दी बघायला हवी. आतल्या खोलीतच अडचण आहे? राउटर लोखंडी कपाटामागे किंवा शोकेसच्या तळाशी कोंबलेला नाही ना? दिसायला बरा नसला, तरी त्याला उंचावर, मोकळ्या जागी मानानं बसवा.

स्टिक टीव्हीच्याच यूएसबीवर चालवली असेल, तर वीज अपुरी पडू शकते. सोबत आलेला ॲडाप्टर वापरा. स्टिक टीव्हीच्या मागे दबून गरम होत असेल, तर खोक्यातली ती छोटी एचडीएमआय वायर शोधा. ती लावली की स्टिक जरा बाहेर येते आणि सिग्नलही बरा मिळतो. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटानं चालू करणं हा झाला घरगुती काढा. आराम पडतो, पण रोजच घ्यावा लागला, तर दुखणं दुसरंच आहे असं समजायचं.

‘एका मालिकेसाठी एवढा खटाटोप?’ असं कुणी म्हणेल. पण त्याच तारेवरून मुलांचा अभ्यास येतो, सुनेचं ऑफिस चालतं, परगावी दिलेली लेक दिसते. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच तिथून घरात आली होती. आणि खरी गोम पुढेच आहे. बचतगटाच्या निमित्तानं घरोघरी जाते, तेव्हा दिसतं, की वायफायचा पासवर्ड मुलाला ठाऊक, जोडणीवर नंबर नवऱ्याचा, ओटीपीही त्याच्याच फोनवर. दिवसभर घरात असणाऱ्या बाईला तक्रार करायची, तरी आधी त्याला फोन! सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण भांडतो, मग घरातल्या या नव्या वहिवाटीवर आपला नंबर का नको?

तक्रारीचं म्हणाल, तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळायलाच हवा. तो मागून घ्या. समाधान झालं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. तिथे ‘नेट नीट चालत नाही’ या मोघम वाक्यापेक्षा तारीख-वेळेची आपली यादी वजनदार ठरते.

या रविवारी सगळे घरात असतील. पासवर्ड विचारून वहीत लिहून ठेवा, आणि जोडणीवर आपलाही नंबर घालायला सांगा. पुढच्या वेळी दुरुस्तीवाल्यानं ‘साहेब आहेत का?’ विचारलं, तर कॅलेंडर पुढे करून म्हणायचं, ‘काय ते मला विचारा!’