दोष वजनाचा की वसाहतीचा?

‘दुबळे होते म्हणून ते संपले’ हा जेत्यांचा आवडता युक्तिवाद. माणसांच्या बाबतीत तो उघडपणे करण्याची सोय आता उरली नाही. म्हणून तो प्राण्यांच्या आडून केला जातो.

ऑस्ट्रेलियाचेच पाहा. १७८८ साली ब्रिटिशांनी तेथे वसाहत केल्यापासून तीसहून अधिक देशी सस्तन प्राणिजाती नामशेष झाल्या. बर्बिज व मॅकेन्झी या संशोधकांनी १९८९ साली दाखवून दिले की, पश्चिम ऑस्ट्रेलियात हा घाला मुख्यतः ३५ ग्रॅम ते साडेपाच किलो वजनाच्या प्राण्यांवर पडला. तेव्हा ‘मधला आकारच त्यांना भोवला’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण मग जगात इतरत्र बहुधा मोठ्या देहाचे, सावकाश वाढणारे प्राणीच आधी संकटात का सापडतात? जो नियम देशागणिक बदलतो, तो निसर्गाचा नव्हे, इतिहासाचा असतो.

हा इतिहास लपलेला नाही. मांजर गोऱ्यांच्या जहाजांतून आले. खोकड आणले ते साहेबांच्या शिकारीच्या हौसेसाठी. त्याच हौसेपायी थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने १८५९ साली ससे सोडले. ससे आणि मेंढ्यांनी गवत-झुडपे फस्त केली. आदिवासी लहान लहान पट्टे जाळून रान राखीत; त्यांना हुसकावल्यावर प्रचंड वणवे पेटू लागले. चिमुकला प्राणी भेगेत दडून थोडक्यात भागवतो, मोठा कांगारू चाऱ्यासाठी दूरवर जातो. मधल्याला ना आडोसा उरला, ना पल्ला; आणि खोकड-मांजराच्या तोंडी नेमका तोच मावला.

पुरावा हवा असेल तर बर्निये व डोर ही बेटे पाहावीत. मुख्य भूमीवरून नाहीशी झालेली पट्टेरी ससा-वॉलबी तेथे टिकली. वजन तेच, फक्त खोकड तेथे पोचले नव्हते. याच बेटांवर १९०८ ते १९१९ या काळात सरकारने आदिवासी स्त्री-पुरुषांना रुग्ण ठरवून डांबले होते. एकाच सत्तेने प्राण्यांचे रान घेतले आणि माणसांची भूमीही.

२०१५ साली ऑस्ट्रेलियन सरकारने पाच वर्षांत वीस लाख रानमांजरे मारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. मांजरांचा बंदोबस्त आवश्यकच आहे. त्याला आमचा विरोध नाही. पण मांजराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मेंढवाड्यांचे मालक आणि जंगलतोड करणारे साक्षीदाराच्या जागी बसणार असतील, तर तो न्याय नव्हे.

वाळवंटातील किविर्कुरा येथे परतलेले पिंतुपी आदिवासी आज मांजरांचा माग काढतात, परंपरेने रान जाळतात आणि बिल्बीला जगवतात. जमीन तिच्या राखणदारांच्या हाती गेली की ‘दुबळा’ प्राणीही तग धरतो. म्हणून यापुढे कोणी नामशेष झाल्याची बातमी आली, तर त्याचे वजन किती होते एवढेच विचारून थांबू नका. त्याची जमीन कोणी घेतली, हेही विचारा.