डोक्यावरून जाणारा दंडगोल

बारावीच्या स्थिरविद्युत प्रकरणात गाउसचा नियम आला की पाठोपाठ तीन उदाहरणं येतात: प्रभारित गोल, लांबच लांब सरळ तार आणि अनंत पत्रा. आपल्यापैकी बहुतेक जण ही तिन्ही एका तासात उरकतात. गोलात क्षेत्र अंतराच्या वर्गाने घटतं, तारेत अंतराने, पत्र्यात घटतच नाही. तीन सिद्धता फळ्यावर, तीन वहीत, आणि पुढचा विषय. गोल नंतर कूलंबच्या नियमाशी जुळतो, पत्रा कपॅसिटरमध्ये परत भेटतो. तारेकडे मात्र वर्षभरात कुणी वळून पाहत नाही. परीक्षेत दोन-तीन गुणांची सिद्धता म्हणून ती आली तर आली.

यवतमाळ जिल्ह्यात शिकवणाऱ्यांनी तरी असं करू नये. वणी, मारेगाव, पांढरकवडा या पट्ट्यातली मुलं ज्या टॉवर लाइनखालून कॉलेजला येतात, ती लाइन म्हणजे हाच प्रभारित दंडगोल. प्रभारित गोल मुलाला प्रयोगशाळेबाहेर क्वचितच दिसेल. दंडगोल त्याच्या बापाच्या वावरावरून गेलेला आहे. त्यासाठी दोन तास जास्तीचे द्यावेत, आणि ते सिद्धतेसाठी नव्हे, आकड्यांसाठी द्यावेत, एवढंच या अंकात मांडायचं आहे.

सुरुवात चंद्रपूर–पडघे एचव्हीडीसी लाइनपासून करता येते. १९९९ पासून चालू असलेली ही लाइन ७५२ किलोमीटर लांब आहे, क्षमता १५०० मेगावॉट. एक ध्रुव अधिक ५०० किलोव्होल्टवर, दुसरा उणे ५०० वर. चंद्रपूरहून पश्चिमेला निघून वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हाच लागतो. लाइन डीसी असल्यामुळे तिचा विभव सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होत नाही, तासन्‌तास जागच्या जागी राहतो. स्थिरविद्युतीचं प्रकरण शब्दशः लागू पडेल असं याहून मोठं उदाहरण आपल्या राज्यात शोधावं लागेल.

आता मुलांना विचारावं: या लाइनच्या एका ध्रुवावर एकूण प्रभार किती असेल? अंदाज हजारांत येतील, लाखांत येतील. मग हिशेब करायला घ्यावा. तारांच्या जुडग्याची, म्हणजे बंडलची, समतुल्य त्रिज्या २० सेंटिमीटर धरू, जमिनीपासून सरासरी उंची १५ मीटर, आणि दुसऱ्या ध्रुवाचा परिणाम तूर्त सोडून देऊ. उंचीच्या दुपटीला त्रिज्येने भागलं की १५० येतात. त्याचा नैसर्गिक लॉगरिदम जवळपास ५. दोन पाय एप्सायलॉन नॉट म्हणजे मीटरला ५५.६ पिकोफॅरड, भागिले ५, साधारण ११ पिकोफॅरड. याला ५ लाख व्होल्टने गुणलं की दर मीटरला साडेपाच मायक्रोकूलंब. आणि ७५२ किलोमीटरच्या अख्ख्या ध्रुवावर? चार कूलंबच्या आसपास.

चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यापर्यंतच्या लाइनवर चार कूलंब! आपण मात्र पहिल्याच तासाला ‘एक मीटर अंतरावर एक-एक कूलंबचे दोन प्रभार’ हे गणित घालतो आणि नऊ अब्ज न्यूटन हे उत्तर लिहून पुढे जातो. एक कूलंब म्हणजे केवढा, हे मुलाला त्या उत्तरातून कळत नाही. या लाइनवरून कळतं.

इथेच दुसरा प्रश्नही उभा राहतो. पूर्ण भारावर याच तारेतून १५०० अँपियर वाहतात, म्हणजे दर सेकंदाला १५०० कूलंब. मग चार कूलंब कुठले? हे चार कूलंब तारेच्या पृष्ठभागावरचे जास्तीचे आहेत, आणि बाहेरचं सगळं विद्युतक्षेत्र त्यांच्यापासून निघतं. आतून वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब तिथल्या धन आयनांनी फेडलेला असतो, म्हणून गाउसच्या पृष्ठाला ते दिसत नाहीत. पृष्ठाच्या आत ‘निव्वळ’ प्रभार किती, हा शब्द आपण दरवर्षी अधोरेखित करतो. त्याचा अर्थ या दोन आकड्यांच्या शेजारी जितका उघडा पडतो तितका दुसरीकडे पडलेला पाहिला नाही. हुशार मूल लगेच विचारेल की प्रवाह वाहतोय तर वाहकाच्या आत क्षेत्र शून्य कसं. नसतंच. तारेच्या लांबीच्या दिशेने थोडं क्षेत्र असतं आणि तेच प्रवाह पुढे ढकलतं. आत शून्य हा निकाल प्रभार थांबलेले असतानाचा आहे, हे तेव्हाच सांगून टाकावं.

विभवाची अडचण मोठी आहे आणि ती आपणच तयार करतो. गोलाच्या वेळी ‘अनंतावर विभव शून्य’ असं मुलांकडून पाठ करून घेतलं जातं. मग तार येते. क्षेत्र अंतराच्या व्यस्त प्रमाणात, त्याचं संकलन लॉगरिदम, आणि लॉगरिदम अनंतावर कुठेच थांबत नाही. पाठांतरावर चालणारं मूल शून्य अनंतावर मांडतं, उत्तर अनंत येतं, पेन खाली. चूक गणितात नाही. अमर्याद लांबीच्या एकट्या तारेचं अनंतावरचं शून्य मागणं हेच चूक. खऱ्या तारेखाली जमीन असते. केबलच्या गाभ्याभोवती धातूचं आवरण असतं. शून्य तिथे मांडायचं. जमिनीखाली तेवढ्याच खोलीवर विरुद्ध प्रभाराची प्रतिमा-तार कल्पिली की लॉगरिदममध्ये ‘उंचीची दुप्पट भागिले त्रिज्या’ कुठून आलं तेही समजतं. प्रतिमेची ही रीत लॉर्ड केल्विनची. अभ्यासक्रमात ती नसली तरी पंधरा मिनिटांत सांगून होते.

लॉगरिदम हातात यावा म्हणून एक प्रयोग सुचवतो. सपाट बुडाचा प्लॅस्टिकचा ट्रे घ्यावा. त्यात २० सेंटिमीटर व्यासाचं पत्र्याचं कडं ठेवावं आणि बरोबर मध्यावर १ सेंटिमीटर व्यासाची गुळगुळीत लोखंडी सळई उभी करावी. कड्यात दोन सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी, चिमूटभर मीठ. सळई आणि कडं यांच्यामध्ये १२ व्होल्टच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचं एसी द्यावं. डीसी दिलं तर सळईवर बुडबुडे धरतात आणि वाचनं सरकत राहतात. मल्टिमीटरचं एक टोक कड्याला, दुसरं पाण्यात. सळईच्या मध्यापासून १ सेंटिमीटरवर ९.२ व्होल्ट यायला हवेत, २ वर ६.४, ४ वर ३.७ आणि ८ वर ०.९. अंतर दुप्पट झालं की दर वेळी तेवढाच, पावणेतीन व्होल्टचा, उतार. पहिली दुप्पट एका सेंटिमीटरची, शेवटची चार सेंटिमीटरची, उतार मात्र सारखाच. मुलाने ही चार वाचनं स्वतः घेतली की लॉगरिदम त्याच्या बोटांत उतरतो. सूत्र मग विसरत नाही.

पाण्यातून जाणारा प्रवाह सळईपासून चहूकडे पसरतो आणि तो ओलांडत असलेल्या गोलाकार भिंतीचं क्षेत्रफळ अंतराच्या प्रमाणात वाढतं, म्हणून प्रवाहाची घनता अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते. गाउसच्या दंडगोलाकार पृष्ठावर आपण हाच युक्तिवाद करतो, फक्त तिथे प्रवाहाऐवजी फ्लक्स असतो.

आता पुन्हा वर पाहू. चंद्रपूरहून परळीकडे जाणाऱ्या ४०० केव्ही लाइनींसारख्या लाइनींवर प्रत्येक फेजला एकाऐवजी जवळजवळ बांधलेल्या दोन तारा दिसतात. कारण विचारलं तर मुलं ‘जास्त करंट’ म्हणतात. ते खरं, पण अर्धंच. मूझ नावाच्या वाहकाचा व्यास ३१.७७ मिलिमीटर, म्हणजे त्रिज्या १.५९ सेंटिमीटर. ४०० केव्ही लाइनच्या एका फेजचा जमिनीशी विभव २३१ किलोव्होल्ट, शिखरमूल्य ३२७. उंची १२ मीटर धरली आणि तार एकच असली तर लॉगरिदम येतो ७.३ आणि तारेच्या अंगाशी क्षेत्र सेंटिमीटरला २८ किलोव्होल्ट. कोरडी हवा ३० ला फुटते. तारेवर पावसाचा थेंब, धूळ, एखादा ओरखडा असला की त्याहून बरंच आधी. म्हणजे ती एकटी तार रात्रंदिवस चरचरत राहिली असती आणि वीज हवेत सांडत राहिली असती. ४५ सेंटिमीटरवर दुसरी तार जोडली की समतुल्य त्रिज्या साडेआठ सेंटिमीटर होते, प्रभार दोघींत वाटला जातो आणि अंगाशी सरासरी क्षेत्र १८ वर येतं; आतबाहेरचा फरक धरून जास्तीत जास्त साडेएकोणीस. दुसऱ्या फेजांमुळे हे आकडे थोडे बदलतील, निष्कर्ष बदलणार नाही. पावसाळी सकाळी टॉवरखाली उभं राहिलं तर जो बारीक चरचराट ऐकू येतो तो कोरोनाचा. लाइन बिघडलेली नसते; थेंबाच्या टोकाशी क्षेत्र हवेच्या सहनशक्तीपलीकडे गेलेलं असतं.

शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना आणखी जवळचा प्रश्न घालता येतो, आणि तो घालावाच असं आग्रहाने म्हणेन, कारण त्यात जिवाचा संबंध आहे. रानडुकरं आणि रोही यांच्या त्रासाने वावराला तार ओढलेली असते, पुष्कळदा झटका मशीनसाठी इन्सुलेटरवर. समजा अशी तार एसी टॉवर लाइनखाली तिला समांतर गेली आहे. तारेची उंची १.२ मीटर आणि तिथलं क्षेत्र मीटरला ३ किलोव्होल्ट. सामान्य लोकांसाठी आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने ५० हर्ट्‌झला सुचवलेली मर्यादा मीटरला ५ किलोव्होल्ट आहे, म्हणजे आपण ती ओलांडलेली नाही. तार कुठेच जमिनीला टेकत नसेल तर तिचा विभव ३६०० व्होल्ट होतो. अडीच मिलिमीटर व्यासाच्या तारेची जमिनीशी धारिता तोच लॉगरिदम देतो, मीटरला सुमारे साडेसात पिकोफॅरड. तारेला हात लावणाऱ्याच्या अंगातून जाणारा प्रवाह मग तारेच्या लांबीवर ठरतो. १०० मीटरला ०.८ मिलिअँपियर, नुसत्या मुंग्या येतील. ५०० मीटरला ४, म्हणजे दुखेल. एक किलोमीटरला ८ च्या पुढे, आणि १० मिलिअँपियरच्या आसपास माणसाला तार सोडता येईनाशी होते.

त्याच खांबांवरची, त्याच उंचीची तार. फक्त लांबी वाढली. वायरमनने काहीही जोडलेलं नाही, मीटर नाही, चोरून टाकलेला आकडा नाही, तरी तारेत वीज. गावात याला ‘लाइन उतरली’ म्हणतात आणि दोष कुणावर तरी जातो. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने यावर बोलायला हवं. साध्या काटेरी तारेला ठरावीक अंतरावर जमिनीत गाडलेला लोखंडी गज जोडला तर विभव उभाच राहत नाही. झटका मशीनच्या तारेला तसा गज जोडता येत नाही, मशीन निकामी होईल. म्हणून ती लाइनला समांतर नेऊ नये, आडवी न्यावी, तुकडे लहान ठेवावेत. मशीन काढून घरी नेलं असेल तेव्हा तर जास्त जपावं, कारण तेव्हा तार पूर्ण अधांतरी असते. आणि घरची २३० व्होल्टची वीज थेट कुंपणात सोडणं हा वेगळा आणि जीवघेणा प्रकार आहे. त्याची गल्लत वरच्या हिशेबाशी होऊ देऊ नये. वर्गात तो फरक फळ्यावर लिहून दाखवावा.

प्रभार पृष्ठावर न राहता आकारमानभर पसरलेला असला तर काय, हे उदाहरण आपण बहुधा गाळतो. कापसाच्या जिल्ह्यात गाळायचं कारण नाही. हॅलिडे-रेसनिकच्या पुस्तकात चॉकलेटच्या भुकटीने भरलेल्या पाइपाचं गणित आहे. आपण तिथे जिनिंगमधली रुई घालावी. हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत हवेच्या झोताने पाइपातून जाणारी रुई घासून प्रभारित होते. प्रभार सारखा पसरला आहे असं धरलं तर क्षेत्र मध्यावर शून्य आणि भिंतीशी सर्वांत जास्त. अर्थिंग केलेल्या पाइपात विभव मात्र भिंतीशी शून्य आणि मध्यावर सर्वांत जास्त. ४० सेंटिमीटर व्यासाच्या पाइपात भिंतीशी मीटरला एक लाख व्होल्ट असेल, तर मध्यावर दहा हजार. क्षेत्र शून्य तिथे विभवही शून्य, ही पक्की बसलेली चुकीची समजूत या एका पाइपाने निघते. (जिनिंगमधल्या आगींचा दोष मात्र सरसकट स्थिर विजेवर टाकू नये. कापसातून आलेल्या दगडाची किंवा लोखंडाच्या तुकड्याची ठिणगी त्याला पुरते.)

वरचे सगळे आकडे ढोबळ आहेत आणि ते ढोबळच ठेवावेत. मुलांनी उंची, त्रिज्या बदलून पुन्हा काढावेत आणि उत्तर किती कमी हलतं ते पाहावं. लॉगरिदममुळे उंची १५ ची २० मीटर केली तरी प्रभार पाच-सहा टक्क्यांनीच बदलतो.

ट्रेच्या प्रयोगाची वाचनं वाचक शिक्षकांनी आमच्याकडे पाठवावीत. सळईचा आणि कड्याचा व्यास, पाण्याची खोली, ट्रान्सफॉर्मरचा प्रत्यक्ष व्होल्टेज एवढं सोबत लिहावं. कड्याजवळची वाचनं अपेक्षेपेक्षा वेगळी आली तर सळई मध्यापासून सरकली आहे का ते आधी तपासावं: कड्यापासून सारख्या अंतरावर चार दिशांना वाचन घ्यायचं, चारही जुळली तर सळई मध्यावर आहे. आलेले तक्ते पुढच्या अंकात छापू, न जुळलेलेसुद्धा.