उसन्या कीर्तीचे भांडवल

यशस्वी गोष्टींची बेरीज केली की यश हमखास हाती येते, हा समज व्यापारात जुना आहे. चित्रपटधंद्यात तर तो श्रद्धेइतका बळकट आहे. त्याचा फोलपणा १९७८ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या संगीतपटाने स्वच्छ दाखवून दिला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे उदाहरण आजही अभ्यासावे.

या चित्रपटास उणे काय होते? गाणी बीटल्सची. निर्माता रॉबर्ट स्टिगवुड, ज्याचे ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ व ‘ग्रीज’ हे चित्रपट नुकतेच तुफान चालले होते. प्रमुख भूमिकांत पीटर फ्रॅम्प्टन आणि बी जीज हे त्या काळचे लाडके गायक. बीटल्सच्या मूळ ध्वनिमुद्रिका सिद्ध करणारे जॉर्ज मार्टिन येथेही संगीताची धुरा वाहत होते. म्हणजे कच्चा माल तोच आणि कुशल श्रमही तेच. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आड तुडुंब होता; पोहराच फुटका निघाला.

तो कोठे फुटला? पात्रांच्या तोंडी संवाद नाहीत. जॉर्ज बर्न्स यांचे निवेदन सोडले तर सारा भार गाण्यांवर. त्यांना जोडण्यासाठी चोरीस गेलेल्या वाद्यांची एक कथा रचली गेली. लिव्हरपूलमधील ज्या बालकाश्रमाच्या आवारात जॉन लेननचे बालपण रमले, त्या ‘स्ट्रॉबेरी फील्ड’वरून एका गाण्याचे नाव आले होते. चित्रपटात ते नायिकेचे नाव झाले. आठवण गेली, अक्षरे तेवढी उरली.

याहून मोठा विपर्यास मूळ कल्पनेचाच झाला. १९६६ साली बीटल्सनी जाहीर दौरे थांबविले आणि १९६७च्या ध्वनिमुद्रिकेत एका काल्पनिक वाद्यवृंदाचे रूप घेतले. स्वतःच्या कीर्तीच्या ओझ्यातून सुटण्याची ती वाट होती. चित्रपटाने तेच रूप कीर्ती विकण्यासाठी वापरले.

ध्वनिमुद्रिकेचा व्यवहार तर अधिकच बोलका आहे. तेथे न खपलेल्या तबकड्या परत करण्याची मुभा विक्रेत्यांना असे. मात्र ‘प्लॅटिनम’सारखे मान दुकानांकडे धाडलेल्या प्रतींवरून ठरत. या चित्रपटाच्या दुहेरी तबकड्या प्रचंड संख्येने धाडल्या गेल्या आणि कागदोपत्री यश नोंदले गेले. मागाहून प्रतींचे ढीगच्या ढीग परत आले. पुरवठ्यालाच मागणी समजण्याची चूक याहून ढळढळीत कशी असावी?

येथे एक आक्षेप येईल : मग जुनी गाणी पुन्हा गाऊच नयेत काय? तसे मुळीच नाही. याच चित्रपटातील ‘अर्थ, विंड अँड फायर’ व ‘एरोस्मिथ’ या वाद्यवृंदांची गाणी श्रोत्यांनी उचलून धरली, कारण त्यांनी जुन्या चालीत स्वतःचा बाज ओतला होता. उलट बी जीज हे स्वतः उत्तम गीतकार. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ला त्यांच्याच गीतांनी तारले होते. त्यांना मात्र येथे आपली लेखणी बाजूस ठेवावी लागली.

वारसा हे भांडवल आहे हे खरे. परंतु त्यात स्वतःच्या श्रमाची भर न घालता केवळ व्याज खाऊ पाहणाऱ्यास ते फळत नाही. श्रोता पैसे मोजतो तो नावासाठी नव्हे, नावामागील अनुभवासाठी. हा हिशेब ज्यांना कळत नाही, त्यांचा माल आज ना उद्या परत येणारच.